हातातून निसटलेलं फडकं

फडकं पहिल्यांदा पडलं तेव्हा मी समोरच उभा होतो. वडील, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, अँबेसिडरच्या पुढच्या बंपरसमोर उकिडवे बसले होते. त्यांच्या उजव्या हातातलं फडकं निसटून मातीत पडलं. मी ते उचललं, झटकलं आणि त्यांच्या हातात परत दिलं. थोड्या वेळानं ते पुन्हा पडलं. मी पुन्हा उचललं, पण या वेळी बोललो.

"नाना, मातीचं फडकं निकलला लावू नका. ओरखडे पडत्यात म्हणून आम्हाला शिव्या देता आणि आता तुम्हीच?"

ते काहीतरी पुटपुटले. हाताला मुंग्या आल्यात, असं काहीसं. कुशीवर झोपले असतील, असं मला वाटलं. खरं तर तेवढंही वाटलं नाही. मला उशीर होत होता. चांदवडला लग्न होतं, गाडी नवरदेवाची होती आणि बॉनेटवरच्या शेवंतीच्या माळा अजून बांधायच्या होत्या.

हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे. बायकोला, मित्रांना, एकदा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही. सगळे म्हणतात, तुला काय कल्पना असणार? बरोबर आहे, नव्हती. पण ज्या माणसानं आयुष्यात कधी हातातलं फडकं खाली टाकलं नाही, त्याच्या हातून ते दोनदा पडलं, आणि मी ते दोनदा त्याच हातात परत कोंबलं. यावर कुणाचंही समजावणं पुरत नाही.

आमचा मळा नाशिकच्या कडेला, शहर जिथं संपतं असं तेव्हा वाटायचं तिथं. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. नाना पहाटे फुलांच्या पाट्या अँबेसिडरच्या डिकीत भरून गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात न्यायचे. लग्नसराईत तीच गाडी धुऊनपुसून नवरदेवासाठी द्यायची. फुलंही आमची, गाडीही आमची, असा तो दुहेरी धंदा. गाडी जुनी होती, रंग दोनदा बदललेला होता, सीटमधून काथ्या बाहेर यायचा. पण लोक आमचीच गाडी मागायचे, कारण तिच्यावरचं निकल तसं दुसऱ्या कुणाच्या गाडीवर नव्हतं. बंपर, पुढची जाळी, दिव्यांभोवतीची कडी, दारांच्या मुठी, चाकांवरचे व्हीलकप, या सगळ्या चकाकणाऱ्या भागांना आमच्या घरात निकल म्हणत. त्याला क्रोम म्हणतात हे मला फार पुढं कळलं.

निकल पुसायची नानांची पद्धत ठरलेली होती. आधी ओल्या फडक्यानं धूळ काढायची, घासायचं नाही, नुसती उचलून घ्यायची. मग खडूची वस्त्रगाळ पूड रॉकेलच्या दोन थेंबांत कालवून जुन्या बनियनच्या तुकड्यानं लावायची. गंजाचा ठिपका दिसला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी ओली करून त्यावर हलकेच फिरवायची. नाना सिगारेट ओढत नसत, पण ती चांदी गोळा करत, रस्त्यावरूनसुद्धा. शेवटी खोबरेल तेलाचं बोट, आणि तेही पुसून टाकायचं. मग तोंड जवळ नेऊन निकलवर 'हा' करून वाफ सोडायची. वाफ एका लयीत विरली तर काम झालं. तुटक विरली तर तिथं अजून मळ आहे.

"तोंड दिसलं म्हंजे पुसलं नाय," ते म्हणायचे. "मिशीचा केस दिसला पायजे."

त्यांचं एक वैर होतं, रांगोळीशी. आई देवाची समई चिंच आणि रांगोळी लावून घासायची, जशी आमच्याकडच्या सगळ्या बायका घासत. मी शाळेत असताना एका दसऱ्याला तिनं नानांना मदत म्हणून एक व्हीलकप तसाच घासून दिला. सावलीत तो लखलखला. उन्हात नेला तर त्यावर कोळ्याचं जाळं विणावं तसे बारीक ओरखडे. नाना दिवसभर जेवले नाहीत.

"रांगोळी दारात घालायची, निकलला नाय," एवढंच म्हणाले.

"मी काय मुद्दाम केलं का?" आई म्हणाली. "गाडीच्या वाटीसाठी एवढं? माझ्यासाठी ऱ्हायले असते का असे उपाशी?"

"तू कुठं ओरखडलीस?"

आई हसली तेव्हा. पण त्यानंतर गाडीच्या निकलला तिनं कधी हात लावला नाही.

तर त्या चांदवडच्या लग्नाच्या दिवशी मी माळा बांधल्या, काचेवर नवरानवरीच्या नावाची थर्माकोलची अक्षरं चिकटवली आणि निघालो. निघताना नाना फाटकापाशी उभे होते, डाव्या हातानं फाटक धरून. बंपरची उजवी बाजू अर्धवट राहिली होती. मला वाटलं, मंगल कार्यालयात पोचल्यावर मीच पुसून टाकीन.

मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या आणि माईकवर कुणीतरी म्हणालं, "नाशिकच्या गाडीवाल्यांनी ऑफिसात यावं, फोन आहे." मला वाटलं, गाडी कुणाच्या तरी वाटेत उभी असेल. फोनवर शेजारचा काका होता. नानांच्या अंगावरून वारं गेलं म्हणाला. मी निघाल्यावर थोड्याच वेळात ते फाटकापाशी कोसळले. घरात दुसरी गाडी नाही. आईनं रस्त्यावर पळत जाऊन एक फुलांचा टेम्पो थांबवला, पण तो सापडेपर्यंत बराच वेळ गेला होता.

नवरदेवाचा मामा मला अडवायला आला. "अहो, पाठवणीला गाडी कुठून आणू मी आता?" मी कारण सांगितलं तसा तो बाजूला झाला, पण माळा काढायला आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मी तशीच सजलेली गाडी घेऊन हायवेला लागलो. ओझरपाशी एका टपरीवरची पोरं गाडी बघून नाचायला लागली. नाशकात शिरताना द्वारका चौकात सगळं तुंबलेलं. एक केळीवाला काचेतून मागच्या सीटवर डोकावला आणि म्हणाला, "भाऊ, नवरी कुठं सांडली?" मी हॉर्नवर हात दाबून धरला तो काढलाच नाही. हॉस्पिटलच्या दारात वॉचमन धावत आला. "वरात इकडं नाय, वरात इकडं नाय, मागं घ्या!" मी गाडीतून उतरून त्याच्याशी काय बोललो ते आठवत नाही. माझा चेहरा बघून त्यानं फाटक उघडलं एवढं आठवतं.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काही जाणवलं होतं का? हातापायाला मुंग्या, वस्तू हातातून पडणं?"

आई म्हणाली, "नाय बा. सकाळी तर गाडी पुसत होते."

 मी मग बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून फडक्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "तेव्हाच आणायला हवं होतं," म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

नाना घरी आले तेव्हा त्यांच्या उजव्या पायात थोडाफार जीव येत होता. उजवा हात मात्र खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबायचा. आणि बोलणं पूर्ण गेलेलं. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. तोंड उघडायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, पण शब्द फुटायचा नाही. आधी त्यांना राग यायचा, मग ते भिंतीकडे तोंड करायचे.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. तरुण होत्या, स्कूटीवर यायच्या, स्पष्ट बोलायच्या. त्या नानांचं एकेक बोट वेगळं धरून दाबायच्या आणि विचारायच्या, "हे कळतंय? हे?" त्यांनी एक रबरी चेंडू दिला. नानांनी तो डाव्या हातानं उचलून अंगणात फेकला.

"लहान पोरांचं खेळणं वाटतंय त्यांना," बाई मला म्हणाल्या. "ज्या कामाची या हाताला सवय आहे ते द्या. मेंदू जुनी वाट शोधतो. पण आत्ताच. सुरुवातीच्या महिन्यांत जे परत येतं ते येतं. नंतर फार कठीण."

हे ऐकलं त्या क्षणापासून माझ्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. हात परत आला पाहिजे. मी तोच हात पाहिला होता, त्या हातातून फडकं पडताना. त्याच हातात फडकं टिकलं, एकदा, नीट, तर काहीतरी फिटेल असं मला वाटत होतं. काय फिटणार होतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं एका चाकाचा व्हीलकप उचकटला आणि त्यांच्या मांडीवर आणून ठेवला. नानांचे डोळे बदलले. खरंच बदलले, आईनंही पाहिलं. डावा हात आपणहून पुढं आला आणि त्यावर फिरला. मी बनियनचा तुकडा दिला. ते डाव्या हातानं पुसायला लागले.

तिथून आमचं सुरू झालं. व्हीलकपची डावी बाजू डाव्या हातासाठी, उजवी बाजू उजव्यासाठी, अशी मी वाटणी केली. उजव्या हाताच्या तळव्यावर फडकं ठेवून आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं ते बांधायचो, वरून माझा हात ठेवायचो आणि घासायचो. पुढं, मागं. पुढं, मागं. सकाळी चहानंतर, दुपारी ते उठल्यावर, संध्याकाळी दिवा लागेपर्यंत.

"हाललं! आई, बघ, आत्ता हाललं!"

"तुझा हाललाय बाबा हात," आई चुलीपाशी बसून म्हणायची.

"नाय गं, आतून दाब आला. मला कळला ना."

"असंल मंग," ती म्हणायची. नाही म्हणायचा जीव तिलाही होत नव्हता.

डावी बाजू लखलखली. उजवी बाजू मळकीच राहिली. माझ्या जोरानं घासून ती साफ झाली असती, पण मी जोर लावायचा नाही असं ठरवलं होतं. जे होईल ते त्यांच्या हातानं. त्यामुळं तेल, खडूची पूड आणि त्यांच्या तोंडातून गळणारी लाळ यांचा एक करडा थर त्या बाजूवर साचत गेला. मी रोज सकाळी तो व्हीलकप उचलून उजेडात धरायचो. थर पातळ झाला का ते बघायचो. काही दिवस तो पातळ झाल्यासारखा वाटायचा.

एका व्हीलकपनं भागेना तसा मी दुसरा काढला. मग दिव्यांची कडी. मग दाराची मूठ, कारण ती मुठीत धरता येईल असं वाटलं. आरसा. बॉनेटवरचं चिन्ह. गाडी अंगणात उभी, डोळ्यांभोवती काही नाही, दारांना मुठींच्या जागी भोकं. पावसाळ्यात बंपरवर गंजाचे ठिपके उठले. ते पुसायला माझ्याकडं वेळ नव्हता. दिवाळीनंतरच्या लग्नांसाठी गाडी ठरवायला आलेली माणसं तिच्याकडे बघून चहासुद्धा न घेता परत जायची.

"काय अवकळा केलीस तिची," आई एकदा म्हणाली. "अंगावरचे डागदागिने काढल्यावानी दिसती. लाव ते सगळं परत."

"हात येऊ दे आधी."

"आणि नाय आला तर?"

मी ताटावरून उठलो. तिच्याशी बराच काळ धड बोललो नाही. बायको मध्ये पडली तर तिच्यावरही ओरडलो. मळ्यातली शेवंती तोडायची राहून गेली, फुलं झाडावरच काळी पडली. मी नानांच्या खाटेपाशी बसून घासत होतो.

एकदा, फक्त एकदा, त्यांचं पहिलं बोट वाकलं. माझा हात तेव्हा वर नव्हता. मी पट्टी बांधत होतो. बोट वाकलं आणि फडक्याची कड त्यानं धरली. आजही मी यावर शपथ घेईन. मी ओरडलो, "नाना, परत! परत करा!" त्यांनी हाताकडं पाहिलं. सगळा चेहरा पिळवटला, कपाळावर घाम आला. बोट हललं नाही. मी म्हणतच राहिलो, करा, करा ना, आत्ता तर केलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा थांबलो.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असं आपोआपही होतं. त्यात फार गुंतू नका." पुढं काही आठवड्यांनी त्यांनी येणं बंद करायचं सुचवलं. पाय सुधारेल, काठीनं चालतील. हाताची आता फार आशा धरू नका. अंगणात स्कूटी चालू करता करता त्यांनी हे सांगितलं. मग गाडीकडं बघून विचारलं, "हिला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी उठलो. दसरा जवळ आला होता. नाना झोपलेले होते, व्हीलकप त्यांच्या पायाशी. मी तो उचलून मागं हौदावर नेला. मनात एवढंच होतं की आता त्यांना काहीतरी दिसलं पाहिजे. आपल्या हातानं काहीतरी झालंय, हे त्यांना वाटलं तर ते सोडणार नाहीत. आणि त्यांनी सोडलं नाही तर हात येईल. माझ्या डोक्यात ते इतकं सरळ होतं.

मी खडूची पूड लावली. थर निघेना. किती दिवसांचं तेल आणि लाळ वाळून त्याचा चिकटा झालेला. घरात भांड्यांचा आवाज सुरू झाला, म्हणजे आई उठली होती, म्हणजे नानाही उठतील. मागच्या दाराच्या कोनाड्यात आईचा रांगोळीचा डबा होता. मी विचार केलाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मी क्षणभर थांबलो होतो. मग ओलं फडकं डब्यात बुडवलं आणि जोर लावून घासलं. थर सरसर निघाला. सावलीत व्हीलकप आरशासारखा झाला, दोन्ही बाजू सारख्या. मी पुसून, तेलाचं बोट लावून तो आत नेला.

नाना उशीला टेकून बसले होते. मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "नाना, बघा! तुमच्या उजव्या हातानं. हळूहळू करत किती निघालं बघा."

माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताचा अंगठा उजव्या बाजूवरून सावकाश फिरवला. मग व्हीलकप उचलून खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडं कलता केला. मला तिथून दिसलं. कोळ्याचं जाळं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तोंड वाकडं उघडलं. मला वाटलं नेहमीसारखा नुसता श्वास बाहेर येईल.

"रांगोळी," नाना म्हणाले.

स्पष्ट. थोडं घोगरं, पण स्पष्ट.

आई आतून धावत आली. तिच्या हाताला पीठ होतं. "कोण बोललं? हे बोलले? काय म्हणले?" नाना पुन्हा म्हणाले, "रांगोळी." आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग उठली, देवापुढं साखर ठेवली, शेजारपाजारी जाऊन सांगून आली. "पहिला शब्द रांगोळी निघाला तोंडातून. किती शुभ हाय बघा." तिनं त्या दिवशी अंगणभर रांगोळी काढली, फाटकापासून ओट्यापर्यंत. बायका बघायला आल्या. मी सगळ्यांना चहा नेऊन दिला. नाना खाटेवरून माझ्याकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं बघणं टाळत होतो.

दुपारी आईनं विचारलं, "पाणी देऊ?"

"रांगोळी," नाना म्हणाले.

"हे काय, पाणी म्हणा की."

त्यांनी खूप प्रयत्न केला. "रांगोळी. रांगोळी!" आणि स्वतःच्याच तोंडावर डाव्या हाताची चापट मारून घेतली.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादा शब्द सुटतो आणि तोच अडकून बसतो. माणसाला म्हणायचं असतं वेगळं, तोंडातून तेवढाच येतो. पुढं इतर शब्द येतीलही.

आले नाहीत. नाना त्यानंतर जेवढं जगले, ती बरीच वर्षं, तेवढा एकच शब्द बोलले. भूक लागली की रांगोळी. लघवीला जायचं की रांगोळी. माझी मुलगी झाली, तिला त्यांच्या मांडीवर दिली, तेव्हा रांगोळी, इतक्या मऊ आवाजात की बायको आत जाऊन रडली. आईला त्यातले सगळे फरक कळायला लागले. "पंखा लाव म्हणत्यात," ती स्वयंपाकघरातून सांगायची, आणि ते बरोबर असायचं. मला कळायचे नाहीत. मला प्रत्येक वेळी तो एकच पहिला शब्द ऐकू यायचा, जो त्यांनी माझी लबाडी पकडून म्हटला होता.

आणि फडक्याला त्यांनी परत हात लावला नाही. मी दुसरा व्हीलकप आणला, ज्याला मी काही केलं नव्हतं. त्यांनी तो डाव्या हातानं खाटेवरून ढकलून दिला. तो फरशीवर गरगरत राहिला. मी माफी मागितली. त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, रागावलेले नव्हते. पण पट्टी बांधायला गेलो की उजवा हात डाव्या हातानं उचलून पोटाशी घ्यायचे. थोड्या महिन्यांत त्या हाताची मूठ वळली ती वळलीच. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून आई त्यात कापसाची गुंडाळी ठेवायची.

मी ते केलं नसतं तर हात आला असता का? बाई तर आधीच नाही म्हणाल्या होत्या. पण ते बोट वाकलं होतं. मी पाहिलं होतं.

आईशी मी यावर एकदाच बोललो, फार उशिरा. म्हणालो, "त्या दिवशी व्हीलकप मी घासला होता. तुझ्या रांगोळीनं."

ती मेथी निवडत होती. "ठाऊक हाय. डब्यातली रांगोळी काळी झालती."

"मग बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? घरात एक जण बोलाया लागला व्हता, तेवढं बास झालं मला."

गाडीचं निकल मी सगळं परत बसवलं. ओरखड्यांचा व्हीलकप भिंतीकडच्या मागच्या चाकाला लावला. लग्नाला ती गाडी परत कुणी नेली नाही. पाट्या न्यायला मी पुढं टेम्पो घेतला. पण दसऱ्याला अँबेसिडर पुसायचीच. नाना खुर्ची टाकून समोर बसायचे, काठी मांडीवर आडवी. मी त्यांच्या पद्धतीनं सगळं करायचो, धूळ उचलून घेणं, खडू, चांदी, तेल, वाफ. काही चुकलं की काठी आपटून म्हणायचे, "रांगोळी." एवढा एक अर्थ मात्र मलाही कळायचा.

त्यांच्या शेवटच्या दसऱ्याची गोष्ट. झेंडूची तोरणं करून झाली होती. मी बंपरसमोर उकिडवा बसून पुसत होतो, उजव्या हातानं, तिथंच, जिथं ते त्या दिवशी बसले होते. हाताला तेल लागलेलं होतं. फडकं निसटलं आणि खाली पडलं.

मी उचलायला वाकलो तेवढ्यात नाना ओरडले. काठी पडली. ते खुर्चीतून अर्धे उठले होते, तोल जात होता. "रांगोळी! रांगोळी! रांगोळी!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी धावत जाऊन त्यांना धरलं. त्यांनी डाव्या हातानं माझा उजवा हात पकडला. आई ओट्यावर आली.

"काय झालं? पडले का?"

"नाही गं. मलाच कळत नाही. फडकं पडलं नुसतं."

आई बघत राहिली. नाना माझं एकेक बोट वेगळं धरून दाबत होते. आधी अंगठा, मग पहिलं, मग मधलं. दाबून माझ्या तोंडाकडं बघायचे. त्या बाई त्यांना करायच्या तसं.

"तुझा हात बघत्यात," आई हळू म्हणाली. "दाब. दाबून दाखव त्यांना."

मी त्यांची बोटं दाबली. "चांगला आहे नाना. तेल होतं हाताला, म्हणून निसटलं."

"जोरात दाब," आई म्हणाली.

मी जोरात दाबलं.  "रांगोळी," ते म्हणाले, आता हळू. त्यांनी परत अंगठ्यापासून सुरुवात केली. मी दाबत राहिलो. कितीतरी वेळानं ते खुर्चीत टेकले, पण माझा हात सोडला नाही.

आईनं खाली पडलेलं फडकं उचललं आणि माझ्याकडं धरलं. नानांनी तेव्हा माझा हात सोडला, ते तिच्याकडून काढून घेतलं आणि मांडीखाली दाबून ठेवलं. मी दोनदा मागितलं. त्यांनी दिलं नाही. त्या दसऱ्याला बंपर अर्धाच पुसलेला राहिला, आणि आईनं त्याच्यावर तसाच झेंडूचा हार बांधला.